पगारातला दंड आणि घाटाचा उतार

मुलांनो,

मागच्या रविवारी धाकट्याने फोनवर विचारलं की मालकाला ड्रायव्हरच्या पगारातून दंड कापता येतो का. सुट्टीत तो पार्सलं पोचवायची गाडी चालवतो. गाडी चुकीच्या जागी उभी केली म्हणून पोलिसाने चिठ्ठी लावली, आणि कंपनीने ते पैसे याच्या पगारातून परस्पर वळते केले. "आजी, तुझे सासरे वकील होते ना? मग तुला माहीत असेल," असं तो हसत हसत म्हणाला. मी विषय बदलला, ते त्याच्या लक्षात आलं असेल.

तुमच्या देशाचा कायदा मला माहीत नाही. पण हाच प्रश्न मी एकदा आमच्या खालापूरच्या ओटीवर ऐकला होता, आणि विचारणाऱ्याचं पुढे काय झालं तेही मला माहीत आहे. फोनवर सांगण्यासारखं ते नाही. म्हणून लिहिते आहे, आणि जसं घडलं त्या क्रमाने लिहिते, म्हणजे तुम्हाला मध्येच काही विचारावं लागणार नाही.

लढाईची, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाची, वर्षं होती. मी पुण्याहून लग्न होऊन खालापूरला आले होते. मॅट्रिक झालेली, वर एक वर्ष कॉलेजात काढलेलं. तुमचे आजोबा पुण्याला लष्कराच्या हिशेबाच्या कचेरीत होते आणि शनिवारी घरी येत. घरात मामंजी, सासूबाई आणि मी. मामंजी खालापूरच्या कोर्टात वकिली करत. डोळ्यांत मोतीबिंदू वाढत चालला होता, छापील अक्षर दिसेनासं झालं होतं. त्यामुळे दुपारचं जेवण उरकलं की मी त्यांना कायद्याची पुस्तकं वाचून दाखवत असे. ते आरामखुर्चीत डोळे मिटून ऐकत आणि मध्येच म्हणत, "पुन्हा वाच. सावकाश." सासूबाईंना हे फारसं पसंत नव्हतं. "आता एक काळा कोट शिवून घ्या सुनेला," असं त्या आतून ऐकू येईल अशा आवाजात म्हणत. मामंजी डोळे न उघडता उत्तर देत, "कापड रेशनवर आहे, नाहीतर शिवला असता."

आमच्याकडे साजगावची एक बाई भाजी घेऊन येत असे. डोक्यावर पाटी, त्यात वांगी, वालाच्या शेंगा, कधी शेवगा. वयाने माझ्याहून थोडी मोठी असेल. तोंडाची फटकळ. सासूबाई भाव करायला लागल्या की ती पाटी उचलून म्हणे, "ऱ्हाऊ द्या, आजी. तुमी फुकट घ्या आनि वर मलाच दोन आनं द्या." सासूबाईंनाही ती आवडत असे, कारण त्यांच्याशी भांडणारं दुसरं कोणी आळीत नव्हतं.

तिचा नवरा लॉरी चालवत असे. ट्रकला तेव्हा आम्ही लॉरीच म्हणत असू. कर्जतच्या एका शेठची भाताची गिरणी होती आणि त्यांच्याच काही लॉऱ्या होत्या. कर्जतहून चौक, चौकहून खोपोली, तिथून बोरघाट चढून पुण्याला तांदूळ जाई आणि परत येताना बटाटे, कांदे, गूळ खाली येई. लढाईमुळे पेट्रोल कूपनांवर मिळे. शेठने प्रत्येक खेपेला किती पेट्रोल जळायला हवं ते ठरवून दिलं होतं. त्याहून जास्त जळलं की ड्रायव्हरला दंड. उशीर झाला की दंड. माल जास्त भरला म्हणून पोलिसाने पकडलं तर तोही दंड ड्रायव्हरच्याच पगारातून. पगार गिरणीत मिळे, आणि हातात पडे तेव्हाच कळे की किती कापला आहे.

एके दिवशी भाजी देऊन झाल्यावरही ती मागीलदारी बसून राहिली. सासूबाई आत गेल्या तशी म्हणाली, "वैनी, तुमी शिकलेल्या. एक सांगा. गाडीचा ब्रेक जळतो म्हंजे काय होतं?"

"का गं?"

"याच्या कापडांना वास येतो. धुतलं तरी जात नाय. मी इचारलं तर बोलतो, ब्रेक तापला, बाकी काय नाय. आनि हसतो. हा हसला ना, का मला भ्या वाटतं."

मग तिने जे सांगितलं ते मला समजायला वेळ लागला. तुम्ही गाड्या चालवता, तुम्हाला लगेच समजेल. चढताना पेट्रोल किती जळेल यावर ड्रायव्हरचा काही इलाज नसतो, भरलेली लॉरी बोरघाट चढायची म्हणजे इंजिन पेट्रोल पिणारच. वाचवायचं ते उतारावर. म्हणून घाटाच्या मधल्या टप्प्यात आले की शेठचे ड्रायव्हर इंजिन बंद करत आणि गेर काढून लॉरी तशीच खाली सोडून देत. इंजिन चालू असलं आणि गाडी गेरमध्ये असली की ती स्वतःच स्वतःला थोपवून धरते. इंजिन बंद केलं की सगळा भार ब्रेकवर. पुढे वळण, खाली दरी, मागे बटाट्यांची पोती, आणि ड्रायव्हरचा एक पाय.

मी त्या घाटातून सर्व्हिस मोटारीने, म्हणजे तेव्हाच्या बसने, किती वेळा आले असेन. उतरताना मोटार सारखी गुरगुरायची, त्या आवाजाचा मला कंटाळा यायचा. त्या दिवसापासून तो आवाज ऐकू आला की मला बरं वाटायला लागलं. बिनआवाजाची लॉरी मी एकदाच पाहिली. तुमच्या आजोबांबरोबर खाली येत होते, आणि आमच्या मोटारीला मागे टाकून एक लॉरी गेली. भोंगा वाजला, मग फक्त फळ्यांचा खडखडाट आणि वारा. एवढी मोठी वस्तू इतक्या कमी आवाजात जाते हेच पाहवत नव्हतं. आमच्या ड्रायव्हरने मोटार कडेला घेतली आणि ती वळणाआड होईपर्यंत तो पुढे निघाला नाही.

"त्याला मामंजींकडे घेऊन ये," मी तिला म्हटलं. "दंड कापणं कायद्यात बसतं का ते तरी बघू. दंडच नसेल तर इंजिन कशाला बंद करील?"

तो आला. उंच, सडपातळ, डोक्याला रुमाल बांधलेला. ओटीवर बसायला सांगितलं तरी पायरीवरच बसला. मामंजींनी काय त्रास आहे ते विचारलं.

"तरास काय नाय, वकीलसायब. गाडी शेठची, माल शेठचा. माल किती भरायचा ते पन शेठच सांगनार. दंड तेवढा माजा." तो हसला. "आमची ही बोलली, जाऊन इचारा. शेठला आसं कापता येतंय का?"

"कापताना तुला काही विचारतात? कारण सांगू देतात?"

"इचारतात की. बोलतात, अंगठा कुटं करशील, हितं का तितं?"

मामंजी मोठ्याने हसले. मग त्यांनी मला पुस्तक आणायला सांगितलं. पेमेंट ऑफ वेजेस ॲक्ट, म्हणजे पगार कसा द्यायचा आणि त्यातून काय काय कापता येतं याचा कायदा. मी इंग्रजीत वाचत गेले आणि मामंजी त्याला मराठीत सांगत गेले. कशाकशाबद्दल दंड होईल त्याची यादी सरकारकडून मंजूर करून घ्यायला हवी. ती कामाच्या जागी लावलेली हवी. दंड करण्याआधी त्या माणसाला आपलं म्हणणं मांडू द्यायला हवं. रुपयामागे अर्ध्या आण्याच्या वर दंड करता येत नाही. आणि दंडाचा पैसा मालकाच्या खिशात जात नाही, तो कामगारांच्याच उपयोगाला लावायचा.

तो तोंड उघडं टाकून ऐकत होता. "हे समदं लिवलेलं हाय?" त्याने मला विचारलं.

"आहे," मी म्हटलं.

"मग शेठला कसं ठावं नाय?"

मामंजींनी त्याला अडचणही सांगितली. तो कायदा कारखान्यांना आणि रेल्वेला लागू होता. नुसत्या लॉरीवाल्याला तो लागू आहे असं म्हणणं कठीण होतं. पण याचा पगार गिरणीत होतो, हा गिरणीचाच तांदूळ नेतो, आणि गिरणी म्हणजे कारखाना. तेव्हा हा गिरणीचाच माणूस, असं भांडता येईल. "जिंकूच असं नाही," मामंजी म्हणाले, "पण शेठला आधी घाबरवून बघू." त्यांनी मला नोटीस सांगितली, मी लिहिली.

नोटिशीला उत्तर आलं नाही. त्याऐवजी शेठ स्वतः आले.

मी मनात एक जाडजूड, आवाज चढवणारा माणूस धरून बसले होते. आला तो स्वच्छ धोतर-कोटातला, हळू बोलणारा गृहस्थ. पायताण पायरीखाली काढून ओटीवर आला आणि मामंजींना वाकून नमस्कार केला.

"वकीलसाहेब, आपण वडीलधारे. नोटीस कशाला? निरोप पाठवला असता तरी मी धावत आलो असतो."

"कायद्याचं काम कागदावर असलेलं बरं," मामंजी म्हणाले.

"अगदी बरोबर. आणि मला कायदा पाळायचाच आहे. फक्त आजवर तो मला कोणी वाचून दाखवला नव्हता." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "सूनबाई इंग्रजी वाचतात म्हणे. फार छान. मलाही ऐकू दे."

मामंजींनी मान हलवली. मी तेच सगळं पुन्हा वाचलं. शेठ मन लावून ऐकत होते. सासूबाईंनी चहा पाठवला, तो निवून गेला तरी त्यांनी कपाला हात लावला नाही. वाचून झाल्यावर त्यांनी अंगणाकडे पाहिलं.

"म्हणजे दंडच बंद केला तर प्रश्न मिटला."

"मिटला," मामंजी म्हणाले.

"मग बंद. आजपासून माझ्याकडे कुणालाही दंड नाही." ते उठले. पायताणात पाय घालता घालता म्हणाले, "एक विचारू का, वकीलसाहेब? यात दंडाबद्दल सगळं आलं. बक्षिसाबद्दल काही आहे?"

"बक्षीस मालकाच्या खुशीचं. त्यात कायदा काय सांगणार?"

"बरं," ते म्हणाले. एवढंच. शेठची मोटार गेल्यावर मामंजी आरामखुर्चीत मागे टेकले. मी कपबश्या उचलत होते. "काय विचारून गेला हा?" ते म्हणाले, पण ते मला विचारत नव्हते.

पुढचे काही दिवस आनंदाचे गेले. भाजीवालीचा नवरा पगाराच्या दिवशी नारळ घेऊन आला. तिने शेवग्याच्या शेंगांचे पैसे घेतले नाहीत आणि सासूबाईंना म्हणाली, "आज भाव करू नका, आजी, तुमाला सवय ऱ्हानार नाय." त्याच्या कपड्यांचा वास गेला होता. साजगावच्या जत्रेला सगळी मिळून गेली होती. सुके बोंबील, मुलांना पिपाण्या आणि तिला बांगड्या घेतल्या होत्या. मनगट हलवून तिने मला त्या दाखवल्या. "दंड नाय म्हनून," ती म्हणाली.

मग शेठने ड्रायव्हरांना गिरणीत बोलावलं. लढाईमुळे धंदा बसला आहे, म्हणून पुढच्या महिन्यापासून पगार कमी. ज्याला पटत नसेल त्याने खुशाल दुसरीकडे जावं. पण जो पेट्रोल वाचवील त्याला बक्षीस, आणि जितकं जास्त वाचवील तितकं मोठं. सगळ्यांनी कबूल केलं. लॉऱ्या मोजक्या आणि लॉरी चालवू शकणारे बरेच, अशी तेव्हा परिस्थिती होती. कबूल न करून जाणार कुठे?

ती हे सांगायला आली तेव्हा मी मामंजींना विचारलं, "याला काही उपाय?"

त्यांनी पुस्तक मागितलं नाही. "ठरलेल्या पगारातून कापणं वेगळं आणि आधीच कमी ठरवणं वेगळं. पुढच्या महिन्याचा पगार त्यांनी कबूल केलाय. बक्षीस दिलं नाही तरी कोर्टात जाता येणार नाही, दिलं तरी नाही." मग थोड्या वेळाने म्हणाले, "दंड झाला की माणूस भांडायला येतो. बक्षीस मिळालं की कोणाशी भांडणार?"

मला तेव्हा वाटलं होतं की फिरून पहिल्या जागी आलो, एवढंच. पण तसं नव्हतं. दंडाला एक सीमा होती. ठरलेल्या पेट्रोलात खेप झाली की ड्रायव्हर सुटला, त्याहून कमी जाळून त्याला काही मिळणार नव्हतं. बक्षिसाला तळच नव्हता. ड्रायव्हर आता एकमेकांशी पैजा मारू लागले. पूर्वी घाटाच्या मधल्या टप्प्यात इंजिन बंद करत, ते आता खंडाळ्यालाच बंद करू लागले. खोपोलीत घाट संपतो तिथे लॉऱ्या थांबून चाकांवर पाणी ओतत. ती नवऱ्याची भाकरी घेऊन तिथे जाऊन बसे. चाकांवर पाणी पडलं की वाफ निघते, आणि ती वाफ त्याच्या गाडीच्या चाकांतून सर्वांत जास्त निघते, असं ती मला म्हणाली. ते सांगताना तिने काही विनोद केला नाही.

"तुमी सांगा त्याला, वैनी. माजं ऐकत नाय. तुमचा त्याला मान हाय."

एकदा तो खालापूरच्या फाट्यावर लॉरी उभी करून मामंजींना कोबी द्यायला आला, तेव्हा मी त्याला गाठलं. रीतीप्रमाणे मी परपुरुषाशी अंगणात उभं राहून बोलायचं नव्हतं. सासूबाईंनी दारातून पाहिलं आणि त्या आत गेल्या. त्यांनी मला कधी त्याबद्दल विचारलं नाही.

"ती घाबरते," मी म्हटलं. "गेरमध्ये उतरा ना. बक्षीस गेलं तर गेलं."

"वैनी, बक्षीस गेलं तर ऱ्हातं काय? निस्ता पगार किती हाय तुमाला ठावं हाय. त्यात दोन पोरं आनि म्हातारी." मग त्याचा चेहरा उजळला. "आनि घाबरायचं काय? माजा पाय बसलाय आता. ब्रेक मला पायातनं सांगतो, आता सोड, आता धर. परवा तर खंडाळ्यापासनं खोपोलीपतूर इंजनाला हात नाय लावला. एकालाबी जमलं नाय आसं!"

"आणि ब्रेकने एखाद्या दिवशी सांगितलंच नाही तर?"

तो हसला. त्याची बायको म्हणाली होती ते हसू मी पहिल्यांदाच जवळून पाहिलं. ते बेफिकीर नव्हतं. माझं ऐकायचं त्याच्या मनात होतं आणि ऐकणं परवडणार नाही हे त्याला ठाऊक होतं, असं ते हसू होतं.

मार्गशीर्षातली गोष्ट. ना पाऊस, ना धुकं. लख्ख ऊन पडलेलं, घाट आमच्या अंगणातून स्वच्छ दिसत होता. मी मागीलदारी तांदूळ निवडत होते आणि ती वांगी मोजून देत होती. पुढच्या दारी सर्व्हिस मोटारीचा कंडक्टर आला. तो पुण्याहून तुमच्या आजोबांची पार्सलं आणत असे. मामंजींशी त्याचं बोलणं आम्हाला ऐकू येत होतं.

"उशीर झाला, वकीलसाहेब. घाटात रस्ता अडला होता. बटाट्याची गाडी खाली गेली. सगळ्या रस्त्यावर बटाटेच बटाटे."

तिने हातातलं वांगं खाली ठेवलं. उठून ओटीवर गेली. मी तिच्यामागे गेले.

"कुनाची गाडी?"

कंडक्टर तिला ओळखत होता. खोपोलीला भाकरी घेऊन बसलेल्या तिला त्याने रोज पाहिलं होतं. त्याने मामंजींकडे पाहिलं, मग टोपी काढून हातात घेतली. तिने पुन्हा विचारलं नाही. पाटी आमच्याकडेच राहिली. मामंजींनी खोपोलीला जाणाऱ्या पहिल्या मोटारीने तिला पाठवलं आणि आळीतली एक बाई बरोबर दिली.

लॉरी दरीत मिळाली तेव्हा इंजिन बंद होतं आणि गेर काढलेला होता, असं पोलिसांनी लिहून घेतलं. त्या आठवड्यात खालापूरच्या बाजारात बटाटे स्वस्त झाले. सासूबाईंनी ते घरात येऊ दिले नाहीत.

मामंजींना आता एकच भीती होती. लॉरीच्या नुकसानीबद्दल शेठ त्याचा राहिलेला पगार बुडवतील. नुकसान कापता येतं, कायद्यात तशी सोय आहे. मात्र ते त्या माणसाच्या निष्काळजीपणाने झालेलं असावं लागतं आणि आधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. मामंजींनी मला तो भाग पुन्हा पुन्हा वाचायला लावला. भांडायची त्यांनी पुरी तयारी केली होती. मेलेल्या माणसाचं म्हणणं शेठ कसं ऐकून घेणार, हाच त्यांचा मुद्दा होता.

भांडायची वेळच आली नाही. त्याचे तेरा दिवस झाल्यावर शेठचे दिवाणजी आमच्या घरी आले. नोटीस मामंजींनी दिली होती, म्हणून पैसे त्यांच्यासमोर द्यायचे, असं शेठने सांगितलं होतं. तिला साजगावहून बोलावून घेतलं. पांढऱ्या कपाळाने ती ओटीच्या खाली पायरीवर बसली, तो बसला होता तिथेच. दिवाणजींनी तिचा अंगठा घेतला आणि नोटा व नाणी आपल्या पंच्यावर मांडली.

"पगार पुरा आहे," ते मामंजींना म्हणाले. "एक पैसा कापलेला नाही. शेठ म्हणाले, ज्याला विचारता येत नाही त्याचं कापायचं नाही. कायद्याप्रमाणे."

 इतके दिवस तयार केलेलं सगळं भांडण मामंजींच्या तोंडातच राहिलं.

तिने पैशांकडे पाहिलं. नवऱ्याचा पगार किती ते तिला तोंडपाठ होतं. "हे जास्ती हाय," ती म्हणाली. "हे वरचं कशाचं?"

दिवाणजी खाली पाहू लागले. मोठा वाईट माणूस नव्हता तो. "त्या महिन्यातल्या आधीच्या खेपांचं. पेट्रोल वाचलं होतं, त्याचं बक्षीस."

 मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. तिने पंच्यावरचे पगाराचे पैसे बाजूला केले आणि पदराच्या गाठीत बांधले. उरलेले तसेच पंच्यासकट दिवाणजींच्या पुढे सरकवले.

"हे शेठला परत द्या."

"असं करू नकोस, बाई. तुझ्या पोरांना होतील. आणि अंगठा झालाय, आता मला परत घेता यायचं नाही."

"मग दुसऱ्या गाडीत घाला. याचं पेट्रोल घाला म्हनावं. खोपोली येईपतूर इंजन चालू ऱ्हाईल तेवढं तरी."

ती उठली. सासूबाई आतून तिची पाटी घेऊन आल्या. धुऊन ठेवली होती आणि त्यात तांदूळ घातले होते. भाव न करता सासूबाईंनी तिला काही दिलं ते तेवढंच मी पाहिलं. ती वेशीकडे निघून गेली.

"उचला, दिवाणजी," मामंजी म्हणाले. "तिने दिलंय ते पोचवा. ती काय बोलली तेही सांगा."

"पैसे पोचवतो, वकीलसाहेब," दिवाणजी पंचा गुंडाळत म्हणाले. "बाकीचं सांगायची माझी छाती नाही. मलाही तिथेच नोकरी करायची आहे."

तेव्हा धाकट्या, तुझं उत्तर. आमच्याकडे कापता येत होतं, पण विचारून, बेताने, आणि आधी सांगून. तुझ्या कंपनीने कापण्याआधी तुझं म्हणणं ऐकून घेतलं का, ते त्यांना विचार. जरूर भांड. आणि उद्या त्यांनी हसत हसत दंड बंद केला, तर त्याच्या जागी काय आणून ठेवलं तेही नीट बघ. पार्सलं लवकर पोचवण्यासाठी गाडी पळवावी लागेल असं काही बक्षीस असेल, तर ती नोकरी सोड. तुझ्यावर दोन पोरं आणि म्हातारी अवलंबून नाहीत. तुला सोडता येईल.

दिवाणजींनी निरोप दिला नाही तरी ती जे बोलली ते चौकपासून कर्जतपर्यंत सगळ्या ड्रायव्हरांना कळलं. कसं ते मला माहीत नाही. आठ-पंधरा दिवसांनी त्यांच्यातला एक जण मामंजींना भेटायला आला, त्याच्याच बरोबरीचा. रुमाल काढून उभा राहिला.

"आमी समदे गेरमधीच उतरतो आता, वकीलसायब," तो म्हणाला. "इंजन बंद करायचं नाय, आसं ठरलंय आमचं. त्याच्या नावानं."

मामंजींना बरं वाटलं. त्यांनी त्याला बसवलं, पाणी द्यायला सांगितलं. मग विचारलं, "आणि बक्षिसाचं काय?"

तो पाणी प्यायला. भांडं खाली ठेवलं.

"पगाराला अजून येळ हाय," तो म्हणाला.